इरल्यांच्या खोलीतल्या दहा खुंट्या

लातूरला परतून आठ दिवस झाले. आणलेली चिक्की वाटून संपली, कपडे वाळले, प्रवासात खरडलेली पानं मी नेहमीप्रमाणे स्वच्छ अक्षरात दुसऱ्या वहीत उतरवून काढली. एक पान मात्र उतरवायचं राहिलं आहे. त्यावर एक ते दहा आकडे आहेत, आठ आकड्यांपुढं नावं आहेत आणि दोन जागा कोऱ्या आहेत. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचं भांडार मी बरीच वर्षं सांभाळते. कोरी जागा मला बघवत नाही. म्हणून त्या दोन जागा कोऱ्या कशा राहिल्या, ते निदान सांगून तरी टाकते. लोणावळ्याला जाणारे पुष्कळ असतात, पण या खोलीत फारसं कुणी गेलं नसावं.

दिवस पहिला : लोणावळा आणि भुशी

बरोबर माझी थोरली बहीण होती. मी निघताना यादी करते आणि ताई ती यादी वाचून हसते, अशी आमची वाटणी आहे. या वेळी यादीत सतरा वस्तू होत्या. अकराव्या क्रमांकावर मोजपट्टी होती. "डोंगर मोजणार आहेस का?" असं ताईनं बस सुटायच्या आधीच विचारलं होतं.

भुशीला धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं आणि त्या पाण्यात माणसं बसतात. आम्ही बराच वेळ कडेला उभ्या राहून पाहिलं. आमच्याकडं पाणी आलं की माणसं भांडी घेऊन धावतात. इथं अंगावरच्या कपड्यांनिशी त्यात जाऊन बसतात आणि वर भाजलेलं कणीस खातात. ताईला राहवलं नाही. ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि तिची एक चप्पल गेली. कुणीतरी ती पकडायला धावला, तर त्याच्या हाती दुसऱ्याच कुणाची तरी लागली. ती त्यानं आणून दिली. ताईनं ती परत पाण्याकाठी ठेवली, बाजारातून प्लॅस्टिकचे बूट घेतले आणि उरलेली एकटी चप्पल पिशवीत टाकली. कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "टाकून दिली आणि मग ती सापडली तर?"

उतरलो होतो त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाईंना मी विचारलं, की गर्दी नसलेलं, पायऱ्या नसलेलं आणि पावसात बघता येईल असं काही आहे का. त्या विचार करून म्हणाल्या, "पवनानगरच्या पुढं इरल्यांचं संग्रहालय आहे. एक खोलीच आहे म्हणा. फुकट आहे. पण या दिवसांत तिथं काय दिसेल, सांगता येत नाही."

पावसात घालायची वस्तू पावसाळ्यात का दिसू नये, ते मला तेव्हा कळलं नाही.

इरलं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. बांबूच्या पातळ कामट्यांची जाळी विणतात, तिच्यावर पळसाची किंवा सागाची पानं अंथरतात, वरून दुसरी जाळी दाबून बांधतात. आकार उभ्या चिरलेल्या होडीसारखा. टोकाचा भाग डोक्यावर बसतो, बाकीचं पाठीवरून कमरेखाली येतं. भाताची लावणी वाकून करायची असते, म्हणून पाऊस पाठीवर घ्यायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. आमच्याकडं घोंगडीची खोळ करत, पण आमच्या पावसाला तेवढी पुरायची.

दिवस दुसरा, सकाळ : पवनानगरची जीप

कामशेतहून जीप धरली. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली कधी म्हणायची ते फक्त ड्रायव्हरला कळतं. आम्ही तिघींच्या जागेत चौघी होतो. माझ्या शेजारी सत्तरीच्या घरातल्या एक बाई कोरी करकरीत चेनची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बॅगेवरचा कागदही काढलेला नव्हता.

"कुटनं आलाय?"

"लातूरहून."

"लातूर म्हंजे पाऊस पडत न्हाई त्येच ना?" असं म्हणून त्यांनी आमच्याकडं जरा मायेनं पाहिलं. "बघा मग. पोटभर बघा."

त्यांचं नाव हौसाबाई. आम्ही इरल्यांच्या खोलीत चाललोय म्हटल्यावर त्या सरळ बसल्या.

"मीबी येनार हाय तितं. सांच्याला. उद्या लेक येतोय मला न्यायला, चिंचवडात कंपनीत हाय. कवाधरनं म्हनतोय, आई चल. आता गुडघं चिखलात उभं ऱ्हाऊ देत न्हाईत, मग त्येला काय कारन सांगू? म्हनलं येते. पर इस्माईलच्या खोलीत माझ्या आईनं इनलेलं इरलं हाय. चार नंबरच्या खुंटीवर. त्ये घेतल्याबिगर गाडीत बसनार न्हाई."

"मग आत्ताच घ्या की," मी म्हणाले. पुढं ढकललेलं काम मला आवडत नाही.

"आत्ता कसं घावंल? लावणी चाललीया. आज शेवटचं खाचर हाय. सांच्याला यील."

इरलं संध्याकाळी येईल म्हणजे काय, ते मला समजलं नाही. ताईनं विचारलं, "चिंचवडला फ्लॅटमध्ये इरल्याचं काय करणार मावशी?"

"टांगीन. कोन इचारलं तर सांगीन आईचं हाय. तुमी काय सांगता कोन इचारलं तर?"

जीप थांबली. हौसाबाई बॅग डोक्यावर धरून एका बांधावरून घराकडं गेल्या आणि आम्ही त्यांनी दाखवलेल्या वाटेनं निघालो. डावीकडं पवनेचं पाणी होतं, त्याच्या काठाला तंबूवाल्यांच्या रंगीत ताडपत्र्या आणि उजवीकडं एकाखाली एक उतरत गेलेली खाचरं. पाऊस पडत होता, पण वर कुणी बघत नव्हतं. आमच्याकडं चार थेंब पडले तरी माणसं अंगणात येतात.

दिवस दुसरा, दुपार : खोली

किराणा दुकान आणि त्याला लागून पत्र्याची एक खोली. पाटी हिरव्या रंगात, हातानं लिहिलेली : बांबूकाम संग्रहालय. प्रवेश मोफत. पायताणं बाहेर.

दुकानात इस्माईलभाऊ होते. साठी उलटलेली, पांढरी दाढी, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. त्यांच्या वडिलांचा धंदा टोपल्या, सुपं आणि इरल्यांचा. उन्हाळ्यात गावोगावी विणणाऱ्यांकडून माल घ्यायचा आणि पावसाच्या तोंडावर बाजारात नेऊन विकायचा. पुढं प्लॅस्टिकचे कागद आले आणि माल गोदामात राहिला. "आब्बा म्हनायचे, इकला न्हाई तर दावूया," इस्माईलभाऊ म्हणाले. "म्हनून ह्ये." त्यांनी कुलूप काढलं, तेवढ्यात पिठाच्या गोण्यांचा टेंपो आला. "तुमी बघा निवांत," म्हणून ते गेले.

आत भिंतीशी टोपल्या, सुपं, तांदूळ धुवायची रोवळी, माणसाच्या छातीएवढी उंच धान्याची कणगी. सगळं स्वच्छ आणि ओळीत. मला बरं वाटलं. मुख्य भिंतीवर लाकडी दहा खुंट्या होत्या. प्रत्येकीखाली लहान पाटी, तिच्यावर क्रमांक, विणणाऱ्याचं नाव आणि गाव. चौथी भागूबाईची, म्हणजे जीपमधल्या बाईंच्या आईची. सातव्या पाटीवर खुद्द हौसाबाईंचंच नाव होतं.

आणि एकाही खुंटीवर इरलं नव्हतं.

पहिल्या खुंटीवर मोडक्या दांड्याची काळी छत्री होती. दुसरीवर निळा रेनकोट, तिसरीवर हेल्मेट, चौथीवर वायरची पिशवी. सहावीवर बायकी चप्पल, एकच. ताई तिच्याकडं बराच वेळ पाहत राहिली. "माझी नाही ना ग?" मग म्हणाली, "ही आजकालची पद्धत असेल. पूर्वी इरलं होतं, आता हे आलं, असं दाखवायची. आपण समजून घ्यायचं."

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. वहीत यादी केली : खुंटी एक, छत्री, काळी. खुंटी दोन, रेनकोट, निळा, ओला. ओला लिहिताना थांबले. रेनकोटातून पाणी टपकत होतं आणि ते खालच्या रोवळीत पडत होतं. आठव्या खुंटीवरचं जर्किनही कणगीवर ठिबकत होतं. मांडणीचा अर्थ काही असो, ओल्या वस्तू जुन्या बांबूवर टांगणं चुकीचं आहे. प्रयोगशाळेत मी असं चालू देत नाही. यादी पुरी केली आणि मग मी कामाला लागले. ओलं ते सगळं दाराजवळच्या खुंट्यांवर, सुकं ते आत. छत्र्या एका ठिकाणी. चप्पल दाराबाहेर. खालच्या टोपल्या रुमालानं पुसल्या. ताईनं आपली ओली छत्रीही मोकळ्या झालेल्या आठव्या खुंटीवर अडकवली. दहा मिनिटांत खोली मला पटेल अशी झाली.

इस्माईलभाऊ हात झटकत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी चष्मा लावला. पहिल्या खुंटीपासून दहावीपर्यंत पाहिलं. मग कणगीजवळच्या स्टुलावर बसले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "काय केलंत?"

मला वाटलं, आभार मानायचे असतील तर ही सुरुवात वेगळी आहे.

मग त्यांनी सांगितलं ते असं. इरली पावसाळ्यात भिंतीवर नसतातच. गावातल्या बायका लावणीला ती घेऊन जातात. रेनकोटात घाम धरतो, छत्रीला हात लागतो. आणि इरल्यालाही ते हवं असतं. "टांगूनच ठिवलं तर दोन वर्सांत भुगा व्हतोय. पावसात जाऊन आलं की पानं बदलावी लागत्यात, तवा बांधणी बघितली जाते. म्हनून टिकल्यात." नेणारीनं नेताना स्वतःची एक वस्तू त्याच खुंटीवर ठेवायची. संध्याकाळी वस्तू जिथं असेल तिथं इरलं अडकवायचं आणि वस्तू घेऊन जायचं. म्हणजे इरलं आपल्याच विणणाऱ्याच्या नावाखाली परत येतं.

"वही का नाही ठेवत?" मी विचारलं.

"वहीत नाव लिव्हलं की मानूस म्हनतं, इस्माईलचा आपल्यावर इस्वास न्हाई. वस्तू ठिवली की काय बोलायाच नको. आब्बांचा नेम हाय." त्यांनी दारातल्या त्या एकट्या चपलेकडं पाहिलं. "आता ह्या बायकांनी कुटलं कुटं टांगायचं? आन् मावशीला आज चार नंबरचं द्यायचंय. मी जबान दिलीय तिला. उद्या सकाळी लेक गाडी घिऊन येतोय."

क्षणभर माझे कान तापले. मग आठवलं आणि मी वही पुढं केली.

"घाबरू नका. माझ्याकडं यादी आहे."

एक ते दहा, रंगासकट, ओलं-सुकं यासकट. मी वाचत गेले, ते अडकवत गेले. चप्पल आत आली. चौथीवर वायरची पिशवी परतली. आठवीवर ताईची छत्री आणि जर्किन एकावर एक बसली, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. रोवळीखाली मी एक फडकं अंथरलं, तेवढी मुभा त्यांनी दिली.

"तुमी लय शिस्तीच्या बाई," ते म्हणाले. ताई तोंड फिरवून हसली. मला मात्र ते खरंच वाटलं.

जेवायला त्यांनी आग्रहानं थांबवून घेतलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या घरच्या बाईंनी, तांदळाच्या भाकरी, टाकळ्याची भाजी आणि पवनेतल्या माशांचं कालवण केलं होतं. मी मासे खात नाही, ताई खाते, आणि तिनं माझ्या वाटणीचेही खाल्ले. आमच्याकडं भात पाहुणा आला की होतो. इथं पाहुणा आला म्हणून भाकरी केली होती, आणि तीही तांदळाचीच. ज्वारीची भाकरी मोडते तशी मी ती मोडायला गेले, तर ती रुमालासारखी लोंबली. वहिनी म्हणाल्या, "फाडा. मोडायची न्हाई ती."

दिवस दुसरा, संध्याकाळ : बांध

पाचच्या सुमारास वीज गेली. बायका खाचरातून वर आल्या. लांबून नुसती इरलीच चालत येताना दिसली, खाली चिखलानं माखलेले पाय. दहाच्या दहा. पुढच्या बाईंचं नाव मंदा. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. सहाव्या खुंटीवरची चप्पल त्यांची होती. दुसऱ्या पायातली सकाळीच चिखलानं गिळली, म्हणून ही निरुपयोगी झालेली ठेवून गेल्या होत्या. ताई आणि त्या एकमेकींची हकीगत ऐकून इतक्या खूष झाल्या की ताईनं पिशवीतली आपली चप्पल काढून दाखवली. दोन्ही डाव्याच निघाल्या.

एकेक इरलं आपापल्या वस्तूच्या जागी अडकत गेलं. मी वही उघडून प्रत्येक आकड्यापुढं खूण करत होते. दहाही खुणा झाल्या. इतक्यात हौसाबाई आल्या, डोक्यावर गोणपाट, कमरेला कोयती. जुनी पानं छाटायला आणली होती. त्या सरळ चौथ्या खुंटीकडं गेल्या आणि अंधुक उजेडात इरल्याच्या टोकावरून हात फिरवला.

"ह्ये न्हाई."

"मावशे, चारच हाय," इस्माईलभाऊ म्हणाले. "बाईंनी लिव्हून ठिवलंय."

"लिव्हलं असंल. पर ह्ये धोंडूचं हाय. त्येला म्होरचं दात न्हवतं. कामटी दातात धरायच्या जागी पायात धरायचा, म्हनून गाठ ढिली बसायची. ह्यो बग."

मी वही पुन्हा पाहिली. चार, वायरची पिशवी. चूक नव्हती. मी म्हणाले, "मघाशी मी वस्तू हलवल्या होत्या, पण सगळ्या जशाच्या तशा परत ठेवल्या आहेत. यादी बरोबर आहे."

मंदाबाई चिखल पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "यादी बरुबर असंल वो. पर दुपारी भाकरी खायला बसताना समदी बांधावर टाकतो येका ठिकाणी. उठताना जे हाताला यील ते पाठीवर. पाऊस का थांबतोय आमच्या खुंटीसाठी?"

इस्माईलभाऊंनी चष्मा काढला.

"रोज?" इस्माईलभाऊंनी विचारलं.

"रोजच की. आमची सासूबी तसंच करायची."

"मीबी तेच केलं की," हौसाबाई म्हणाल्या, जणू आत्ताच आठवलं. "इतकी वर्सं."

इस्माईलभाऊ त्याच स्टुलावर बसले. मला त्यांच्याकडं बघवेना. "आन् मी पावन्यांना पाट्या वाचून दावतोय," ते म्हणाले. "ह्ये अमक्याचं, ह्ये तमक्याचं. आब्बांच्या टायमापासून."

मी माझ्या दहा खुणांकडं पाहत उभी होते. त्या सगळ्या बरोबर होत्या. कशाबद्दल बरोबर होत्या, तेवढं फक्त कळत नव्हतं.

हौसाबाईंनी पदर खोचला. "उठ. रडाया काय झालं? हात हायती न्हवं? आन बाई, तुमी लिव्हा."

मग त्या पहिल्या खुंटीपासून निघाल्या. डोळ्यांनी फार पाहत नव्हत्या, बोटांनी कडेची बांधणी चाचपत होत्या. हे गंगूचं, तिची जाळी बारीक, घाई कधी केली न्हाई. हे दगडूचं, त्यानं सासऱ्याकडून शिकून घेतलं आन् सासऱ्यालाच नावं ठेवली. मी लिहीत गेले. बायका हसत होत्या. दुसऱ्या खुंटीवर त्यांचा हात थांबला.

"ह्ये." त्यांनी इरलं काढून पोटाशी धरलं. "ह्ये आईचं. आई डावरी व्हती. तिची कामटी डावीकडनं वर चढती, बाकी समद्यांची उजवीकडनं. बगा."

बघितलं. खरंच उलटी होती. एकदा दाखवल्यावर कुणालाही दिसली असती. इस्माईलभाऊंनी श्वास सोडला. ताईनं माझा दंड दाबला. ते इरलं कणगीवर बाजूला ठेवून हौसाबाई पुढं निघाल्या. आता बाकीच्या पाट्या नीट करायच्या, एवढंच राहिलं होतं.

नवव्या खुंटीशी त्या पुन्हा थांबल्या. बोटं एकदा फिरली, परत फिरली.

"ह्ये बी डावं."

मी विचारलं, "भागूबाईंची दोन होती?"

"न्हाई. येकच." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "दुसरं माझं. मी आईच्या शेजारी बसून शिकले. ती जसं करंल तसं. मी उजवी हाय, पर इनते डावं. दुसरं येतच न्हाई."

सातव्या पाटीवर त्यांचं नाव होतं, ते माझ्या लक्षात होतं. पण आता पाट्यांना काय अर्थ. दोन्ही इरली जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. जे जुनं दिसेल ते आईचं, मी म्हणाले. दोन्ही इतक्या पावसाळ्यांनी सारखीच काळी होती, आणि पानं तर दर वर्षी बदलतात. मग मी पिशवीतून अकराव्या क्रमांकाची मोजपट्टी काढली. ताई या वेळी हसली नाही, तिनं एक टोक धरलं. लांबी, रुंदी, टोकाची खोली. अर्ध्या इंचाचा फरक निघाला, आणि तोही जिथं कड झिजली होती तिथं.

"मोजून काय घावतंय का?" हौसाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच हवं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी एक इरलं डोक्यावर घेतलं, वाकून लावणीच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. ते चपखल बसलं. ते काढून दुसरं घेतलं. तेही तसंच बसलं.

"आई माझ्यायेवढीच व्हती," त्या म्हणाल्या.

मंदाबाई दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. इस्माईलभाऊ म्हणाले, "मावशे, दोन्ही ने."

"मला पाठी किती हायती?"

"अगं, पर..."

"दोन्ही नेली तर हितं आमच्यातलं कोनच न्हाई ऱ्हानार." त्यांनी जवळचं उचललं. कसं ठरवलं, मला कळलं नाही. दुसरं त्यांनी स्वतःच्या हातानं नवव्या खुंटीवर परत टांगलं. मग दाराशी गेल्या, वळल्या, कमरेची कोयती काढली आणि दुसऱ्या, रिकाम्या खुंटीवर अडकवली.

"ती कशापायी?" इस्माईलभाऊ म्हणाले. "तुझंच हाय ते. तुला वस्तू ठेवायचं कारन काय?"

"माझं का तिचं, ठरलं का? नेलं की ठेवायचं. तुझ्या बापाचा नेम हाय."

इरलं डोक्यावर घेऊन त्या पावसात उतरल्या. पाठमोरं फक्त इरलं दिसत होतं. आत कोण आहे ते लांबून सांगता आलं नसतं.

जीप यायला वेळ होता. मी बसून आठ पाट्या नव्यानं लिहिल्या, हौसाबाईंनी सांगितल्या त्याप्रमाणे. दोन राहिल्या.

"हितं काय लिव्हू?" इस्माईलभाऊंनी दुसरी आणि नववी पाटी पुढं केली.

मी पेन उघडलं, बंद केलं. दोघींची नावं दोन्हीकडं लिहावीत, असं ताईचं मत पडलं. ते खरं झालं असतं की खोटं, मी अजून ठरवू शकलेले नाही. पाट्या पुसून कोऱ्या करून दिल्या. "पुढच्या वर्षी दुपारी बांधावर काय करायचं, ते मात्र बायकांशी बोला," मी म्हणाले.

"बोलतो," ते म्हणाले. "ऐकनार न्हाईत."

दिवस तिसरा, आणि नंतर

परतीच्या सामानाची यादी करताना सोळाच वस्तू भरल्या. ताईची छत्री खोलीतच राहिली होती. मी तिला दोष दिला नाही. ती आठवीवर जर्किनच्या आड लटकू दिली, ती मीच.

लातूरला ऊन होतं. परवा मी इस्माईलभाऊंना फोन केला. दुकानाच्या पाटीवरचा नंबर मी अर्थातच लिहून घेतला होता.

"छत्री हाय की. आठवर हाय," ते म्हणाले. "कोन काढीना. समद्या म्हनत्यात, लातूरच्या बाईंची वस्तू हाय, इरलं न्यायचं ऱ्हायलंय त्यांचं. कवा येताय?"

येऊ, मी म्हणाले. मग विचारलं, हौसाबाई कशा आहेत.

"फोन आलता लेकाचा. इरलं बाल्कनीत टांगलंय, आन् पाऊस आला की त्याखाली जाऊन बसती म्हनला."

"आणि कोयती?"

"हाय की खुंटीवर. ओलीनं गंजत व्हती," इस्माईलभाऊ म्हणाले. "काल धार लावून ठिवलीया."